सह्यांच्या कागदावरचा लोखंडी पाय

मी एक जुना लोखंडी पाय आहे. हसू नका, मित्रांनो. पाय म्हटला की त्याच्यावर माणूस हवा असं तुम्हाला वाटणार. माझ्यावर माणूस नसतो, बूट असतो, आणि तोही उपडा. बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात तुम्ही मला पाहिलं असेल. मला तीन टोकं आहेत. एक मोठ्या माणसाच्या पावलाएवढं, एक लहान मुलाच्या पावलाएवढं आणि तिसरं फक्त टाचेपुरतं. दोन टोकं जमिनीवर टेकवायची, तिसऱ्यावर बूट चढवायचा आणि वरून हातोडी हाणायची. जन्मभर मी मारच खाल्ला म्हणा ना. पण मी काही रडगाणं गायला बसलेलो नाही. मला आभार मानायचे आहेत. त्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल, कारण तो स्वतः ती मरेपर्यंत सांगायचा नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात तापलेलं लोखंड ओतलं, निवलं, साचा फोडला आणि मी बाहेर आलो. डाव्या अंगाला एक फुगवटा राहून गेला होता. ओतणारा म्हणाला, "असू दे, याला कुठे लग्नाला उभं राहायचंय." त्या फुगवट्यासकट मला एका कारागिराने विकत घेतलं. त्याचं दुकान खेळाच्या मैदानाच्या मागच्या फाटकासमोर होतं. दुकान कसलं, खोकंच. गिऱ्हाईक आत बसलं तर त्याचे पाय गल्लीत यायचे. तिथे मी तीस वर्षं राबलो. शहराच्या फुटबॉल संघाचे बूट माझ्यावरच शिवले जायचे, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच असायचो.

पुढे कारागिराचे हात थरथरायला लागले. दुकान बंद झालं आणि वर्षभरात तोही गेला. मी सहा वर्षं गोणपाटाखाली पडून होतो. अंगभर गंज चढला. लोखंडाला वाईट वाटत नाही असं ज्याला वाटतं, त्याने सहा वर्षं गोणपाटाखाली काढून बघावीत.

मग एका सकाळी कारागिराची मुलगी आली. कापडाच्या गिरणीतली नोकरी सुटली होती तिची. तिने मला उचललं, तेल लावलं आणि काचकागदाने घासघास घासलं. लोक म्हणाले, हे काय बाईमाणसाचं काम आहे का. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. लहानपणी वडिलांशेजारी बसून ती सगळं शिकली होती. महिन्याभरात सगळी गल्ली तिला ताई म्हणायला लागली आणि संघाचे बूट पुन्हा माझ्यावर चढायला लागले. तिचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.

बूट आले तसे बोलणारेही आले. मुख्य दोघं. एक होते टपालकाका. चाळीस वर्षं पत्रं वाटून निवृत्त झालेले. संघ हरणार हे त्यांना सामन्याच्या आदल्या दिवशीच ठाऊक असायचं. दुसरा बसवाला दादा. दुपारची पाळी संपली की खाकी शर्टाची वरची गुंडी सोडून तो येऊन बसायचा. "पुढच्या सामन्यात बघा तुम्ही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. काका म्हणायचे, पुढे खेळणारा तो उंच गडी विकायलाच नको होता. दादा म्हणायचा, विकला तेच बरं झालं, नुसता केस सावरत उभा राहायचा. प्रशिक्षकाने मागे तीन खेळाडू ठेवावेत की चार, यावर ते एकदा सलग तीन संध्याकाळी भांडले. माझे कान किटले. मला कान नाहीत, तरी किटले.

ताई शिवता शिवता म्हणायची, "घरी आज भाजी कुठली करायची हे तुम्हाला कुणी विचारत नाही, आणि इथे बसून अकरा जण निवडता."

"घरी विचारत नाहीत म्हणून तर इथे येतो," दादा म्हणायचा.

त्या वर्षी संघाची पार रया गेली होती. हार, हार, बरोबरी, पुन्हा हार. शेवटून दुसरा नंबर. शेवटच्या दोघांत राहिलं तर खालच्या गटात जावं लागणार होतं. एकदा खालच्या गटात गेलेला संघ वर यायला किती वर्षं लागतात, हे काका बोटांवर मोजून सांगायचे. आणि सगळा राग होता कर्णधारावर. तो उजव्या पायाने चेंडू मारेनासा झाला होता. एका सामन्यात तर पेनल्टी मिळाली, बरोबरी हातात होती, आणि याने चेंडू एका नवख्या खेळाडूला देऊन टाकला. नवख्याने तो गोलखांबावरून थेट रस्त्यावर पाठवला.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊनच आले. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'सदर कर्णधारास पदावरून दूर करावे.' खाली सह्यांना जागा. रोज संध्याकाळी तो कागद दुकानाच्या फळीवर पसरलेला असायचा, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यावर काय ठेवायचे? मला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात नावडतं काम. कारण कर्णधाराबद्दल मला जे ठाऊक होतं ते काकांना ठाऊक नव्हतं.

त्याच्या तीन आठवडे आधी कर्णधार सकाळी लवकर, कुणी नसताना दुकानात आला होता. उजव्या पायाचा अंगठा सुजून वांग्यासारखा झालेला. अंगठ्यामागच्या हाडाला तडा गेला होता.

"आतून मऊ चामडं लावून दे, ताई. आणि इथे जरा सैल कर."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"खेळलास तर हाड जुळायला वेळ लागेल म्हणाले."

"मग घरी बस की गप."

"मागच्या फळीतले दोघं आधीच प्लास्टरमध्ये आहेत. मी बसलो तर उभं कोण राहणार? आणि हे बाहेर कळलं ना, तर समोरचे मुद्दाम याच पायावर येतील. तू कुणाला सांगू नकोस."

ताईने त्याला चांगलं फैलावर घेतलं, पण शब्द दिला. तेव्हापासून त्याचे बूट आले की ती ते फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि एकटी असतानाच कामाला घ्यायची. मी तर ते बूट अंगावर वागवले आहेत. उजव्या बुटाची बाहेरची कड पार झिजलेली आणि अंगठ्याखालचे खिळे नवेच्या नवे. माणूस पाऊल वाकडं टाकून, दात आवळून पळत होता, आणि मी त्याच्याविरुद्धच्या कागदावर बसलेलो. वाचा असती तर ओरडलो असतो.

शेवटचा सामना रविवारी होता. कागद शुक्रवारी संघाच्या कचेरीत द्यायचा ठरला. बुधवारपर्यंत एकशे सत्तेचाळीस सह्या झाल्या होत्या. काकांनी लेखणी ताईपुढे धरली. "तुझी राहिलीय."

ताई म्हणाली, "हात चिकट आहेत. मी पाणी घेऊन येते." आणि गेली. जाताना कर्णधाराचा उजवा बूट माझ्यावर उपडा होता. फडकं बाजूला पडलेलं. झाकायचा राहून गेला असं ताई आजही म्हणते. मी त्यावर काही बोलत नाही.

दादा सहज म्हणून वाकला. मग त्याने बुटाच्या कडेवरून बोट फिरवलं. बसच्या टायरवरून फिरवतात तसं. एक कड झिजलेला टायर दिसला की गाडीचं कुठलं चाक दुखतंय हे त्याला गाडीखाली न शिरता कळायचं.

"काका, हा बूट कोणाचा?"

काकांनी बूट उचलून आत लिहिलेला आकडा पाहिला. चार. संघात चार नंबर कोणाचा हे शेंबडं पोरही सांगेल.

"हा माणूस उजवं पाऊल टेकवतच नाहीये," दादा हळूच म्हणाला. "आतून बघा, गादी घातलीय. आपण शिव्या घालत होतो आणि हा असा खेळत होता."

काकांनी आत हात घालून गादी चाचपली. त्यांचे कान लाल झाले होते. ताई पाणी घेऊन आली. तिने बुटाकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं.

"बाहेर बोललात तर रविवारी त्याचा पाय मोडतील," एवढंच ती म्हणाली.

काकांनी मला उचलून बाजूला ठेवलं, कागदाची घडी केली, खिशात घातली आणि निघून गेले.

आता बघा, हे दोघं म्हणजे शहरातली सगळ्यात मोठी तोंडं. यांच्या तोंडात तीळ भिजला तर शपथ. पण दादाने कमाल केली. बसमध्ये 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी असते. पाटी लागल्यापासून ती पहिल्यांदा पाळली गेली. प्रवासी कर्णधाराच्या नावाने बोटं मोडत होते आणि हा समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी हाकत होता. काका मात्र चार दिवस दुकानाकडे फिरकलेच नाहीत. ताईला वाटलं, शरमले असतील.

रविवारी मी दुकानातूनच सामना ऐकला. एक आरोळी समोरच्यांच्या बाजूने आली, म्हणजे गोल बसला. मग खूप वेळ नुसता श्वास रोखल्यासारखी शांतता. नंतर दादा धावतच आला. "हरलो," तो हसत म्हणाला. ताई बघतच राहिली. "एकानेच हरलो, ताई. आपल्या एक नंबर वरचे तिकडे चारने हरले. गोलांच्या हिशेबात आपण वाचलो. आणि आपल्यावरचा दुसरा गोल कर्णधाराने रेषेवर अडवला, उजव्या पायाने."

ताईने हातोडी खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

सोमवारी टपालकाका आले. पायातले बूट काढून त्यांनी ताईपुढे केले आणि मोज्यांवरच बाकावर बसले. ताईने एक बूट माझ्यावर चढवला आणि थबकली. मलाही कळलं. दोन्ही सोलांना आरपार भोकं होती. मागच्या महिन्यातच नवे लावले होते ते.

"काका, एवढं कुठे चाललात?"

"कुठे नाही. पाय मोकळे करायला."

तेवढ्यात कुबड्या टेकत कर्णधार आला. पाय प्लास्टरमध्ये. त्याला बघून काका उठायला लागले, पण बूट नव्हते, जाणार कुठे.

"मला बेकरीवाल्याने सांगितलं," कर्णधार म्हणाला. "तुम्ही त्याच्या दारात जाऊन म्हणालात, माझी चूक झाली, सही खोडून टाक, कारण विचारू नकोस. मग मी चौकशी केली. एकशे सत्तेचाळीस घरं, काका. त्यातली निम्मी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर."

काका मान खाली घालून म्हणाले, "पत्ते पाठच आहेत मला. कागद मीच फिरवला होता, तर फिरायलाही मीच हवं ना." मग थोडं थांबून म्हणाले, "त्यातले तिघं नाही म्हणाले. कागद फाडला मी. माफ कर मला, बाळा."

कर्णधार कसाबसा ताईच्या पाटावर बसला आणि त्याने हात पुढे केला. ताईने नवा सोल माझ्यावर बसवून हातोडी त्याच्या हातात दिली. त्याने पहिला खिळा ठोकला. साफ वाकडा. इतकी वर्षं मी मार खातोय, पण असा अडाणी मार कधी खाल्ला नव्हता, आणि इतका गोडही कधी लागला नव्हता. ताई चिमट्याने तो उपटायला गेली, तर काकांनी तिचा हात धरला.

"राहू दे तो. टोचेल थोडा. पुन्हा कधी कोणाविरुद्ध कागद घेऊन निघालो तर आठवण राहील."

मित्रांनो, हल्ली लोक बूट फाटला की फेकून देतात. दिवसाला दोन बूट माझ्यावर चढले तर डोक्यावरून पाणी. तरी मी समाधानी आहे. तुमच्या संघावर रागवा, खुशाल भांडा, भांडायला माझ्याशेजारी बाक आहे. पण कुणाबद्दल बोलायच्या आधी तो कसा चालतोय तेवढं बघून घ्या. आणि बूट झिजले तर टाकू नका, ताईकडे घेऊन या. काकांचे बूट त्यानंतर दोनदा आले. दोन्ही वेळा त्यांनी तोच खिळा परत लावून घेतला, आणि सरळ करू दिला नाही.