उपासाचे तीन दिवस

चहावर साय धरली होती – पातळ, तपकिरी, मधोमध किंचित सुरकुतलेली. कपाच्या कानापर्यंत एक मुंगी आली, थबकली, परत फिरली. आणि स्नेहा ओट्याला टेकून त्या कपाकडे बघत राहिली. कप काठोकाठ भरलेला. म्हणजे ओठही लागला नव्हता. काल असाच, परवाही असाच. परवा गुरुवार धरलेला होता, काल शुक्रवार, आणि आज सकाळी अंबाबाई पदर खोचता खोचता, तिच्याकडे न बघता – "आज चतुर्थी हाय ना मॅडम. ऱ्हाऊ द्या चा."

चतुर्थी. स्नेहानं तेव्हा भिंतीकडे पाहिलं होतं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत – विहाराच्या कमिटीनं घरोघर वाटलेली, वर बाबासाहेबांचा निळ्या कोटातला फोटो – पौर्णिमा होत्या, जयंत्या होत्या, चतुर्थी नव्हती. मग तिनं बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, मोबाईलवर बघितलं. नळ कशाला सोडला? मोबाईलवर तारीख बघायला कुणी नळ सोडतं? चतुर्थी होती. खरंच होती. आणि चतुर्थी खरी निघाली म्हणून स्नेहाला राग आला होता.

पण उपासाला चहा चालतो की. शाळेतल्या सगळ्या उपासवाल्या पोरी चहा प्यायच्या. आणि पाणी? पाण्याला कुठला वार लागतो? अंबाबाई येताना पाणी घेऊन येते, कोल्ड्रिंकच्या जुन्या हिरव्या बाटलीत, आणि ती बाटली चपलांपाशी दाराच्या आत ठेवते… की बाहेर? उंबऱ्यावर. नेमकी उंबऱ्यावर.

आतल्या खोलीतून पाण्याचा आवाज येत होता. अंबाबाई उत्पलाला आंघोळ घालत होती – पाटावर पाय पसरून, पायांवर पोर पालथी घालून, जशी जुन्या बाया घालतात तशी. सात महिन्यांची उत्पला. बापाच्या अंगावरही जी पाच मिनिटं टिकत नाही, आत्याला बघून जी निळी पडेस्तोवर रडते, ती अंबाबाईच्या नडग्यांवर गुपचूप पडून हुंकार देत होती. पहिल्या दिवसापासून. पहिल्या तासापासून. हेच तर… हे जर असं नसतं तर किती सोपं होतं.

सोमवारी रजा संपत होती. स्नेहा घोडेगावला भूमी अभिलेखाच्या कचेरीत, जमिनी मोजायला जाणारी; गावोगावी लोक तिला मोजणीच्या मॅडम म्हणायचे. नवरा धम्मपाल आळेफाट्याला टायरच्या दुकानात, सकाळी आठला जातो तो रात्री आठला उगवतो. सासू नाही, आई पिंपळवंडीला, तिचे गुडघे गेलेले. उरल्या दोन गोष्टी. एक – घोडेगावातलं इशरतचं पाळणाघर, कचेरीपासून दहा मिनिटांवर, उजेडाचा हॉल, बारा मुलं, रंगीत चटया, आणि मोबाईलवर दिसणारा कॅमेरा; एकच जागा शिल्लक, आज पाचपर्यंत हो-नाही कळवायचं कबूल केलेलं. दुसरी – इथल्या, शिनोलीच्याच वरच्या आळीची अंबाबाई, शेजारणीनं आणलेली, पन्नाशीची, तीन नातवंडं वाढवून मोकळी झालेली. ती घरी येऊन सांभाळणार. तीन दिवस बघू म्हणून ठेवलेली, आणि आज तिसरा.

"मला दोन्ही चालतंय," धम्मपाल म्हणाला होता. दोन्ही चालतंय! टायर आहे का?

आणि सकाळी, बूट घालताना, "अगं, तिला चहा आवडत नसेल."

"पाणी पण आवडत नाही?"

"घरून आणते ना बाटली."

"तेच तर म्हणतेय मी."

"तू ना स्नेहा, प्रत्येक गोष्टीत…" आणि हेल्मेट डोक्यात घातलं होतं. पुढचं वाक्य हेल्मेटच्या आत राहिलं. ते काय होतं ते तिला ठाऊक होतं. प्रत्येक गोष्टीत तेच शोधतेस. शोधते. मी शोधते, कारण शोधल्याशिवाय आता ते सापडत नाही. आजीच्या वेळी शोधावं लागत नव्हतं. पाणी वरून ओतायचे, ओंजळीत, प्रश्नच नव्हता. आईच्या वेळी कप होता. पिंपळवंडीच्या त्या मळ्यात, गोठ्याच्या कोनाड्यात, कान तुटलेला, आईचा वेगळा. आई मालकांची पोरगी दिवसभर सांभाळायची. पोरगी कडेवर चालत होती, कप घरात चालत नव्हता. आणि मला? मला मोजणीच्या बांधावर कागदी कप येतो. सगळ्यांना कागदी कप येतो आताशा. एकदा मात्र, औसरीकडच्या एका शिवारात, बाकी सगळ्यांना स्टीलचे पेले आणि तिला एकटीला कागदी – "मॅडम, तुमाला स्वच्छ बरं." स्वच्छ बरं! तो मान होता की काय होतं, हे ती तीन वर्षं ठरवत होती. कागदी कपावरून काही कळत नाही. जुन्या लोकांना निदान कळायचं.

तिनं चहा सिंकमध्ये ओतून दिला. साय जाळीला चिकटून बसली.

पहिल्या दिवशी अंबाबाई आत आली तेव्हा समोर बुद्धमूर्ती होती, वर बाबासाहेब, बाजूला धम्मपालच्या वडिलांचा फोटो. अंबाबाईनं डोक्यावर पदर घेतला होता. म्हणजे मान दिला? की परक्या घरात गेल्यावर घेतातच? की – आणि हे तिला सगळ्यात वाईट वाटलं – की घर कुणाचं ते तेव्हा तिला कळलं, आणि तो पदर म्हणजे…

पुरे.

बाराला नाचणीचं सत्त्व. स्नेहानं ते मुद्दाम जरा गरमच ठेवलं. मुद्दाम हा शब्द तिनं स्वतःला ऐकू येऊ दिला नाही. वाटी, छोटा चमचा. अंबाबाई भिंतीला पाठ लावून बसली, पोर मांडीवर घेतली. स्नेहा दाराच्या चौकटीत. आई नेहमी ओठाला लावून बघायची. भात असो, दूध असो, आधी आपल्या ओठाला, मग पोराच्या. ओठाला लावल्याशिवाय गरम-गार कळतं का? बाईमाणूस आपोआप लावतंच. लावते की नाही बघू.

अंबाबाईनं चमचा मनगटावर टेकवला.

मनगटावर! – पण मनगटावरही टेकवतात. दवाखान्यातली सिस्टरसुद्धा मनगटावरच सांगते.

"गरम हाय गं बया," अंबाबाई पोरीला सांगत होती, फुंकर घालत, "जीभ पोळंल की माज्या राणीची. आन् त्या बग, त्या कोन उभ्या हायेत दारात? मोजणीच्या मॅडम हायेत. तुज्या वाटीची हद्द कायम करायला आल्यात. हाल्लीस तर पंचनामा व्हईल, काय?"

उत्पला खदखदून हसली. स्नेहाही हसली, कारण हसायला पाहिजे होतं. आणि चौकटीतून अर्धी आत, अर्धी बाहेर झाली. म्हणजे तिला माहीत आहे. तीन दिवस तिला माहीत आहे की मी बघतेय.

मग ते झालं. पोरीनं वाटीत मूठ घातली, सत्त्वानं बरबटलेली मूठ वर काढली, आणि सरळ अंबाबाईच्या तोंडात खुपसली. "आगं, आगं! मला भरवती व्हय? आज उपास हाय की माजा…" आणि एवढ्यात अंबाबाई वळली, चमचा सावरायला, की पोर सावरायला, कशाला कोण जाणे, आणि स्नेहाला नुसती तिची पाठ दिसली. रुंद पाठ, विटका जांभळा ब्लाऊज. खांदे हलले. हसण्यानं? गिळण्यानं? पदराचं टोक तोंडाकडे गेलं. पुसलं की थुंकलं? स्नेहा दोन पावलं पुढे गेली, वाकली, खरंच वाकली – आणि अंबाबाईनं मान फिरवून पाहिलं तेव्हा तिनं जमिनीवर न पडलेला रुमाल उचलल्यासारखं केलं.

मी काय करतेय? पोरीच्या हातात काय दिलंय मी?

गच्चीवर जाऊन तिनं आईला फोन लावला. समोर ऊस तुटलेला, पाचट जळाल्याचा वास. उसातला बिबट्या आता कुणाच्या रानात गेला असेल, असा भलताच विचार.

"आई, तू मळ्यातल्या त्या पोरीला भरवायचीस, तेव्हा घास चाखायचीस?"

आई, जानकाबाई, हसली. "हे काय मदीच? चाखल्याबिगर कसं कळंल? लपून चाखायचे."

"मालकांना कळलं का कधी?"

"कळलं की. पोरगीच बोलली. अडीच वर्साची व्हती. जेवाय बसली सगळी, आन् म्हनली, जानका आदी खाती मग मला देती."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिसापासनं येऊ नगं म्हनलं." आणि लगेच, जणू ते महत्त्वाचं नव्हतं, "पोरगी लई रडली म्हनं. आठ दिस."

हे आईनं कधी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत. कप सांगितला होता, कोनाडा सांगितला होता, हे नाही. "तू का नाही सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? बोलाय नुकती लागलेली पोर ती." मग आवाज बदलून, "तुजी रडती का त्या बाईकडं?"

"नाही."

"मग सने, तुला पोरीला बाई पायजे का तुला सर्टिफिकेट पायजे?"

"तुला नाही कळायचं."

"व्हय, मला कसं कळंल," जानकाबाई म्हणाली.

म्हणजे इशरतकडे. तिथं हे काही नाही. बारा मुलं, नावाचे डबे, कॅमेरा. कॅमेरा बघेल, मला बघावं लागणार नाही. बुधवारी ती जाऊन आली होती – हॉल, चटया, एक बाळ झोळीत झोपलेलं, इशरतची ती मोकळी, थोडी मोठ्यानं बोलायची तऱ्हा – "बसा ना ताई, तुमचंच घर आहे" – आणि ट्रेमध्ये चहा, बशीत नानकटाई. आणि आपण म्हणालो… काय म्हणालो?

नको, आत्ताच झालाय.

झाला नव्हता. सकाळी सहानंतर झाला नव्हता. मग का? ऊन होतं. मांडीवर उत्पला होती, गरम चहा सांडला असता. एसटी साडेबाराची होती. नानकटाई तुपकट दिसत होती. स्वयंपाकघरातून कसला तरी वास… थांब. कसला वास? कसलाच नव्हता. फिनेलचा होता. मग वास हा शब्द कुठून आला? शपथेवर जबाब द्यायचा झाला तर, स्नेहा, तू चहा का घेतला नाहीस? – आठवत नाही. खरंच आठवत नव्हतं. आणि इशरतनं कप उचलले, एकही शब्द न बोलता आत नेले, इतक्या सफाईनं, की आत्ता, तीन दिवसांनी, या गच्चीवर तिला कळलं: ती सफाई सवयीची होती.

तापलेली गच्ची तळपायांना लागत होती. ती तिथंच उभी राहिली.

दुपार कशी गेली तिला कळलं नाही. उत्पला झोपली, उठली, पुन्हा झोपली. पाचाला दहा मिनिटं असताना मोबाईल वाजला.

"स्नेहाताई, पाचपर्यंत सांगते बोलला होता. दुसरी एक मम्मी थांबलीय इथं, तिला काय सांगू?"

"पाच मिनिटं," स्नेहा म्हणाली. "पाच मिनिटांत करते फोन." आणि उगीचच पुढे, "इशरतताई, त्या दिवशी मी…"

"हां, बोला ना?"

"काही नाही. करते."

अंबाबाई निघाली होती. उत्पला तिच्या खांद्यावरून स्नेहाच्या खांद्यावर आली, कुरकुरली, मागे वळून बघू लागली.

"मंग, सोमवारी येऊ का नगं, मॅडम?"

"सांगते मावशी. संध्याकाळी हे आले की…"

"सांगा. न्हाई म्हनायचं आसंल तरी सांगा, आमच्या भावकीत लग्नाचं काम हाय, तिकडं जाते." चपला घालता घालता ती थांबली. "एक बोलू का? राग नगा धरू."

"बोला ना."

"तीन दिस झालं, तुमी मला एकदा बी बसा म्हनला न्हाई. पयल्या दिशी तर तुमी टायमिंग सांगत व्हता, कागद लावत व्हता, मी उभीच. डोस्क्यावर पदर घिऊन, पाव्हन्यावानी. वाटलं, आता म्हनतील, मंग म्हनतील. पोरगी हातात दिली, बसा न्हाई म्हनलं." ती हसली, खोडकर की कडू, सांगणं अवघड होतं. "म्हनलं आसंल बाबा, हापिसातल्या मान्सांची रीत आसंल. मीच बसले मंग, पोरीसंगं."

आणि उत्तराची वाट न बघता तिनं पोरीच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून हलवला, उंबरा ओलांडला, अंगणात पुन्हा थांबून पदर सारखा करू लागली.

स्नेहा दारात. खरं होतं का हे? ती तो पहिला दिवस उलगडू लागली – फ्रिजवर कागद, दुधाच्या वेळा, तापाचं औषध, डॉक्टरांचा नंबर. बोलत होतो आपण, पंधरा मिनिटं, वीस, सोफ्यावर बसून बोलत होतो, आणि समोर… समोर ती भिंतीला एक हात लावून. उभी. खुर्ची रिकामी होती. दोन होत्या. बसा म्हणायचं राहून गेलं होतं, कारण ते आपण म्हणायचं असतं हे आपल्या डोक्यातच नव्हतं. आपल्या घराण्यात ते ऐकायची वाट बघितली जाते. ती वाट बघणारी बाजू आपली. आजीकडून, आईकडून, सातबाऱ्यावर नाव लागावं तशी आपल्याकडे आलेली, त्यात दुसऱ्या कुणाचा हिस्सा असेल हे कधी…

की हेही एक निमित्त? चहा न घेतलेल्या बाईनं जाता जाता उलट आपल्याच अंगावर टाकलेलं? शक्य आहे. अगदी शक्य आहे. हुशार आहे ती. पण हा संशय आला तसा तिथंच उभा राहिला. तीन दिवस त्या संशयात जी ऊब होती ती आता उरली नव्हती.

खांद्यावरची पोर अंगणाच्या दिशेला सगळं वजन टाकून ओढत होती. पाचाला दोन मिनिटं होती. स्नेहा म्हणाली, "मावशी" – आणि अंबाबाई वळली, आणि पलीकडच्या भाजणाऱ्या उन्हात डोळे बारीक करून बघत उभी राहिली, घाई नसल्यासारखी; आणि स्नेहाला वाटलं, आपल्याला कुणीतरी बघतंय, केव्हापासून बघतंय, आणि आपण कशा दिसतो हे आपल्याला काहीच माहीत नाही.