विजेवरची गिटार

“ही गिटार आता थकली, मास्टर,” असं हेमचंद्र म्हणाले, तेव्हा कोंडीरामला त्यातलं आधी ऐकू आलं ते ‘मास्टर’.

पार्टीत बाकी सगळे मास्टर होते. व्हायोलिनवाले मास्टर, क्लॅरिनेटवाले मास्टर, बँकेतून सुटून थेट बोंगो वाजवायला येणारे कारकूनसुद्धा मास्टर. कोंडीराम मात्र आल्या दिवसापासून नुसता कोंडीराम होता. गिरगावातल्या एका वाडीत, वाचनालयाच्या माडीवर, संध्याकाळी त्यांची तालीम चाले. मिलमधली सकाळची पाळी संपवून, अंगावरचा कापूस धुऊन, परीटघडीचा सदरा चढवून तो डिलाईल रोडहून तिथे येई आणि मागच्या बाकावर बसून गिटार वाजवी. लग्नाच्या स्वागतसमारंभात, गणपतीत, कुठे कुणाच्या सत्काराला ही पार्टी वाजवायला जाई. हेमचंद्र अ‍ॅकॉर्डियन वाजवत आणि सगळ्यांना सांभाळून नेत. माणूस वाईट नव्हता. बिदागी हातात ठेवताना कधी काचकूच केली नाही, कधी आवाज चढवला नाही.

ते साल साठ होतं. मुंबईसह महाराष्ट्र मिळणार हे पक्कं झालं होतं आणि एक मेच्या समारंभांची तयारी गल्लोगल्ली सुरू झाली होती. वाडीच्या पटांगणातल्या मोठ्या कार्यक्रमाचं आमंत्रण पार्टीला आलं होतं. हेमचंद्रांनी कोंडीरामला बाजूला घेतलं आणि समजावलं की एवढ्या मोठ्या मांडवात लाकडी गिटारचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जाणार नाही. कुलाब्याच्या एका हॉटेलात वाजवणारा गोवेकर आफ्रिकेला निघाला होता आणि आपली विजेवरची गिटार, आवाज मोठा करणाऱ्या पेटीसकट, विकत होता.

“ती घेतलीत तर सुरुवातीचा तुकडा तुमचा. पुढे बसून. एकट्यानं.”

पुढे बसून. कोंडीराम घरी चालत गेला ते हे दोन शब्द घोळवत. ट्राम त्याच्या शेजारून गेली तरी त्याला थांबवावीशी वाटली नाही.

पैसे जमवायचा रस्ता एकच होता. जुनी गिटार विकायची, आणि बाकीची भर बोनसमधून घालायची.

पण ती गिटार त्याची नव्हती. ती भिवाची होती. भिवा म्हणजे त्याच्या बायकोचा, बकुळाचा, थोरला भाऊ. त्यानं ती भायखळ्याच्या पलीकडे जुन्या बाजारातून आणली तेव्हा तिची पाठ उकललेली होती. दोघा मेव्हण्यांनी मिळून सरस उकळून ती सांधली होती. भिवा कुठल्याशा ख्रिस्ती मित्राकडून शिकला, आणि त्यानं दाजींना, म्हणजे कोंडीरामला, शिकवलं. मग चाळीतल्या गायन पार्टीत दोघं आळीपाळीनं वाजवत आणि बकुळा गाई. पेटी-ढोलकीच्या पार्टीत गिटार कुठून आली म्हणून लोक हसत, आणि मग ऐकत बसत.

छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात लालबागला गोळीबार झाला तेव्हा भिवा दुसऱ्या पाळीला निघाला होता. मोर्चात होता, की मोर्चा बघायला थांबला होता, हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं. त्याच्या खोलीतून बहिणीच्या घरी आली ती एवढी गिटारच. बकुळानं आपल्या जुन्या लुगड्याची खोळ शिवली आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या खुंटीला गिटार टांगली. त्यानंतर ती गायन पार्टीत कधी बसली नाही. कोंडीराम वाजवी तेव्हा ती ऐकत असे की नाही, हेही त्याला कळत नसे. हातातलं काम मात्र तिचं मंद होई.

त्यानं विषय काढला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सूप उचलून गॅलरीत गेली. हो नाही की नाही नाही. असे बरेच दिवस गेले. ती जेवायला वाढी, पाणी भरी, शेजारणीशी बोले. त्या एका गोष्टीवर मात्र तोंड उघडत नसे. कोंडीरामची चिडचिड होऊ लागली. सरळ नको म्हणाली असती तर त्याला भांडता आलं असतं. गोवेकराची बोट सुटायची वेळ जवळ येत होती आणि हेमचंद्र रोज विचारत होते.

तो मिलमध्ये सूत कातणाऱ्या साच्यापुढे उभा राहून स्वतःशीच वाद घाली. लाकूड ते लाकूड. पाठ पुन्हा उकलायला लागलीच आहे. एका सुराची तार कितीही पिळली तरी उतरते. आणि आपण काय दारूसाठी विकतोय? वाजवण्यासाठीच विकतोय. मग लगेच त्याला वाटे, हे सगळं आपण कुणाला पटवतोय?

शेवटी एका रविवारी तो म्हणाला, “भिवा असता तर तोच म्हणाला असता, इका दाजी, फुडं जावा.”

बकुळानं हातातला तवा खाली ठेवला.

“त्याचं नाव फुडं करू नका,” ती म्हणाली. “तुमाला पायजे तर इका. माझ्या दादाला त्यात घेऊ नका.”

त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिनं म्हटलं ते खरं होतं. त्याला पुढे बसायचं होतं. आयुष्यभर तो मागे बसला होता. मिलमध्ये सूतखात्यात राहिला, कारण विणकर खात्यात त्याच्या लोकांना घेत नसत. पार्टीत मागच्या बाकावर बसला, कारण तिथेच जागा होती. एकदा तरी, माणसांच्या समोर, तोंडावर उजेड घेऊन वाजवायचं होतं. एवढं साधं होतं ते, आणि ते बायकोला सांगायला त्याला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं गिटार खुंटीवरून काढली.

गिऱ्हाईक हेमचंद्रांनीच पाहून दिलं होतं. दादरला हिंदू कॉलनीत राहणाऱ्या सुमेधाबाई, मुलींच्या शाळेत शिकवत. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, चहा दिला, आणि गिटार मांडीवर घेऊन हलक्या हातानं एक-दोन सूर काढले. त्यांच्या बोटांना सवय होती. कोंडीरामनं नजर खिडकीबाहेर ठेवली. मग त्यांनी ती उलटी केली. पाठीवर, सांध्याच्या जरा वर, खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं होती.

“हे कुणाचं नाव?”

“आधीच्या मालकाचं.”

“पॉलिश केलं तर जाईल का हो?”

कोंडीरामनं चहाचा घोट घेतला. चहा गोड होता. “जाईल,” तो म्हणाला.

खोळ त्यांना नको होती. त्या नवी शिवणार होत्या. लुगड्याची ती खोळ घडी करून, पिशवीत घालून तो घरी परतला. बकुळानं खोळ पाण्यात बुडवली, साबण लावला, आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत टाकली. दुसऱ्या दिवशी तिची तिनं उशी केली.

विजेवरची गिटार आली. लालभडक, गुळगुळीत, वजनाला धोंड्यासारखी. पेटीत तार खुपसून त्यानं माडीवर पहिला सूर छेडला तेव्हा खालच्या वाडीतल्या बायका खिडक्यांत आल्या. सूर संपतच नव्हता. बोट उचललं तरी तो खोलीत राहत होता. हेमचंद्रांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. कोंडीराम त्या दिवशी फार आनंदात होता, हे खोटं नाही. त्यानं सुरुवातीचा तुकडा स्वतः बसवला. मिलमध्ये दोन्ही हात सुतात असताना तो मनातल्या मनात त्याच्या जागा बदले आणि संध्याकाळी माडीवर वाजवून बघे.

गिटार घरी न्यायचा प्रश्न नव्हता. त्यांच्या चाळीत खोल्यांमधून वीज आलेली नव्हती, जिन्यात तेवढा एक दिवा जळे. हेमचंद्र म्हणाले, घरी नेऊन करणार काय, राहू दे इथेच कपाटात. तेही बरोबर होतं. त्यामुळे बकुळानं ती गिटार पाहिलीच नाही, आणि पाहायला यायचं तिनं म्हटलंही नाही.

एप्रिलच्या शेवटी शेवटी तालमीला रमाकांत यायला लागला. वाडीच्या मंडळाच्या अध्यक्षांचा धाकटा मुलगा, कॉलेजात शिकणारा, हसतमुख. कोंडीराम मिलमधून पोचण्याआधीच तो माडीवर असे आणि गिटार त्याच्या मांडीवर असे. कोंडीराम दिसला की तो चटकन उठे आणि गिटार त्याच्या हातात देई. तुमची बोटं बघून शिकतोय, म्हणे. कोंडीरामनं त्याला दोन-चार जागा उलगडून दाखवल्या. शिकवायला त्याला आवडत होतं.

एक मेला पटांगणात मांडव भरून वाहत होता. तोरणं, पताका, विजेच्या माळा, फेटे बांधलेली माणसं. सगळे एकमेकांना पेढे भरवत होते. कोंडीरामलाही कुणीतरी अनोळखी माणसानं मिठी मारली आणि पेढा भरवला. तो मंचामागे गिटार जुळवत बसला होता तेव्हा हेमचंद्र आले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

“कोंडीराम, आज गिटार रमाकांत वाजवेल. अध्यक्षांची फार इच्छा आहे. मांडव त्यांचा, माणसं त्यांची. तुम्ही खुळखुळे घ्या, ताल धरायला तुमच्याइतका पक्का माणूस नाही.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “समजून घ्या. आज आपल्या सगळ्यांचाच दिवस आहे.”

हेमचंद्र त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. रमाकांत दोन पावलांवर उभा होता, त्याचे कान लाल झाले होते. कोंडीरामच्या तोंडात पेढ्याची चव अजून होती. नाही म्हणायला काय लागतं, हे त्याला पुढे कितीदा तरी सुचलं. त्या वेळी सुचलं नाही. त्यानं गळ्यातला पट्टा काढला आणि गिटार दिली.

तो मागच्या बाकावर बसून खुळखुळे वाजवत राहिला. पडदा उघडला, उजेड पडला, आणि त्यानं बसवलेला तुकडा मांडवभर घुमला. रमाकांतनं सुरात वाजवलं. एकाही जागी तो चुकला नाही. चुकला असता तर कोंडीरामला ते सोपं गेलं असतं. टाळ्या थांबेनात. मग भाषणं झाली. कुणीतरी हुतात्म्यांसाठी उभं राहायला सांगितलं आणि सगळा मांडव उभा राहिला. हातातले खुळखुळे वाजू नयेत म्हणून कोंडीराम ते छातीशी घट्ट धरून उभा होता.

कार्यक्रम संपल्यावर मंचामागे फराळाच्या बशा फिरत होत्या. हेमचंद्र खुशीत होते. बोलता बोलता म्हणाले की पुढच्या महिन्यात आणखी दोन कार्यक्रम ठरतील, रमाकांतला रोज सराव लागेल, तर गिटार कपाटातच असू द्यावी. आता ती पार्टीचीच झाली म्हणायची.

कोंडीराम खाली बसून पेटीची तार गुंडाळत होता. तो उठला.

“गिटार माझी आहे, हेमचंद्रसाहेब,” तो म्हणाला.

हेमचंद्र म्हणाले की तसं नव्हे हो, उगाच मनाला लावून घेऊ नका. कोंडीरामनं गिटार पाठीला लावली, पेटी खांद्यावर घेतली आणि तो मांडवाबाहेर पडला. रमाकांत पेटीला हात द्यायला पुढे झाला, तेव्हा त्यानं मान हलवून नको म्हटलं. रस्ताभर माणसं रोषणाई बघायला निघाली होती, सगळी त्याच्या उलट दिशेनं. भायखळ्याला एका कुटुंबानं त्याला हाक मारली. त्यांची ट्रंक परळपर्यंत न्यायची होती. खांद्यावरची पेटी बघून त्यांना तो हमाल वाटला. मी हमाल नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं, आणि ते गृहस्थ ओशाळून बाजूला झाले.

त्यानंतर तो गिरगावात तालमीला गेला नाही. हेमचंद्रांचा निरोप दोनदा आला, मग यायचा थांबला. दुसऱ्या कुठल्या पार्टीत त्यानं खटपट केली, पण विजेवरच्या गिटारवाल्यांची आता मुंबईत वाण नव्हती, आणि ते सगळे पाळी नसलेले, वेळ असलेले लोक होते. पेटी खाटेखाली गेली. तिच्यावर बकुळानं पिठाचा डबा ठेवला. गिटार विकून टाकावी असं एक-दोनदा त्याच्या मनात आलं. पण विकून आणायचं काय?

पावसाळ्यानंतरच्या एका सुट्टीच्या सकाळी त्यानं ती खाटेवरून मांडीवर घेतली. बकुळा दाराशी स्टोव्हवर भाकऱ्या करत होती. स्टोव्ह फरफरत होता. तो भिंतीला टेकून वाजवायला लागला. पेटीशिवाय त्या गिटारचा आवाज म्हणजे बारीक किणकिण, डासाएवढी. त्यालाच ती जेमतेम ऐकू येत होती, तीही हनुवटी लाकडाला टेकली तर.

काही वेळानं बकुळानं वळून पाहिलं. त्याची बोटं तारांवर चालत होती.

“वाजवताय व्हय?” तिनं विचारलं.

“हां.”

तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, खाली वाकली, आणि स्टोव्हची हवा सोडून दिली. फरफर थांबली.