दसऱ्यापर्यंत लेकरांची

सपनाला वाटलं होतं, दार ढकललं की गार हवा अंगावर येईल. सारवलेली जमीन तळपायाला थंड लागेल, आणि दोन्ही हात पसरून गिरकी घेता येईल एवढी मोकळी जागा समोर असेल. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत यायची तेव्हा तिने मला तसंच पाहिलं होतं.

या वर्षी होळीनंतर तिने दार ढकललं, तर ते अर्ध्यातच अडलं. मागे पेरणीच्या तिफणीचा मोडका दांडा आडवा पडला होता. कोपऱ्यात निवार सुटलेली खाट, तिच्यावर रिकामी पोती, पोत्यांवर फुटकं सूप. छपराच्या कवेलूंना कापसाचे तंतू लोंबत होते. तिच्या कडेवरच्या दोन वर्षांच्या आदेशला लागोपाठ शिंका आल्या. पाच वर्षांच्या मयुरीने नाक दाबून विचारलं, "आई, हीच तुझी ती खोली?"

"हो, हीच," सपना म्हणाली. आवाज जरा पडला होता, पण तिने मला नाकारलं नाही. तेवढ्यावरच मी तिची झाले.

मी बोलतेय ती नाचणगावच्या किसनरावांच्या घरातली मागची खोली. सगळे मला कापसाची खोली म्हणतात. बोलायची सवय मला नाही. वर्षातले पाच-सहा महिने माझ्या पोटात आढ्यापर्यंत कापूस असतो, आणि कापसातून आवाज बाहेर जात नाही. म्हणून उरलेल्या महिन्यांत सांगते.

किसनरावांनी मला लग्नानंतरच्या उन्हाळ्यात बांधलं. विटा जवळच्या भट्टीतल्या, चिखल स्वतः तुडवलेला. त्यांच्या पत्नी कोकिळाबाईंनी माझी जमीन पहिल्यांदा सारवली, तेव्हा त्यांच्या हातातला हिरवा चुडा अजून नवा होता. मला खिडकी एकच, तीही उंचावर, कारण मी माणसांसाठी नव्हतेच. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की गाठोडी यायची, माझ्यात रिकामी व्हायची. मग भाव चढण्याची वाट बघणं. किसनराव सकाळ-संध्याकाळ दारात उभे राहून कापसाकडे पाहायचे आणि परत जायचे. एक दिवस गाडी यायची आणि मी रिकामी व्हायचे.

रिकाम्या दिवसांत माणसं माझ्यात नको असलेल्या वस्तू आणून ठेवतात. माणसांची ही गंमत मला फार आवडते. मोडलेली वस्तू त्यांच्याने टाकवत नाही आणि दुरुस्तही होत नाही. मग ती म्हणतात, "राहू दे कापसाच्या खोलीत." तिफणीचा दांडा असाच आला, खाट अशीच आली. आम्ही सगळे मिळून कुणाच्या तरी आठवणीत येण्याची वाट पाहत होतो.

ती आठवण सपनाला झाली. किसनरावांची ही एकुलती लेक पाचव्या वर्षीच लांब दक्षिणेत डोंगरातल्या शाळेत गेली. पुढे अहमदाबादला घरं बांधण्याचं शिकली, बंगळुरूत नोकरी केली. आता दोन लेकरं घेऊन परत आली होती. नवरा प्रफुल नागपुरात नोकरीला, शनिवारी गाडीने पुलगावला उतरतो. शहरातल्या दोन खोल्यांपेक्षा लेकरांना इथे चांगलं घर मिळेल, असं तिने त्याला ठासून सांगितलं होतं. एक वर्ष पाहू, असं दोघांचं ठरलं होतं. त्यामुळे माझ्यात ती जे काही करत होती ते नुसतं खोली सजवणं नव्हतं. आपण इथे राहू शकतो, हे तिला आधी स्वतःला पटवायचं होतं.

तिचा एकच हट्ट होता. काही विकत आणायचं नाही, आधी घरात शोधायचं. तिफणीचा दांडा तिने घासून माझ्या भिंतीत इतका खाली बसवला की मयुरीचा हात सहज पोचेल. त्यावर लेकरांची दप्तरं, टोप्या. खाटेचे पाय कापून ती बुटकी केली, आदेश पडला तरी लागायला नको. पोत्यांमध्ये जुने कपडे भरून गादी शिवली. पुलगावच्या बाजारातून सफरचंदांचे रिकामे खोके आणले आणि ते एकावर एक ठोकून खेळण्यांची मांडणी केली.

कोकिळाबाई दारात कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. "काय वं माय, एवढी शिकली अन् सफरचंदाचे खोके गोळा करून राह्यली? लोकं म्हणतीन, पोरीनं फळाचं दुकान टाकलं."

"म्हणू दे ना आई. गिऱ्हाईक आलं तर तू बसव."

"अन् काय विकू, तुहे पोट्टे?"

"मोठी देऊन टाक. छोटा राहू दे."

मयुरी खोटंखोटं रडली, आणि सगळ्याजणी हसल्या. माझ्या भिंती हसणं फार वर्षांनी ऐकत होत्या. कापूस असताना माझ्यात कुणी हसत नाही. तो नसताना कुणी येत नाही.

मग रंग. बाजारातला रंग सपनाला नको होता. आदेशचे दात येत होते आणि तो भिंती चाटायचा. शेताकडे जाणाऱ्या पांधणीच्या कडेला पांढरी माती मिळते, ती कोकिळाबाईंनी टोपलीभर आणून दिली. सपनाने ती भिजवली, गाळली, त्यात कपड्यांना घालायची नीळ मिसळली आणि कुंच्याने मला आतून सगळीकडे आभाळासारखं करून टाकलं. लेकरांनी गेरूत हात बुडवले. मयुरीचे पंजे एका ओळीत नीट उमटले. आदेशचे कुठेही उमटले, त्यातला एक तर जमिनीला टेकलेला आहे.

आरशात पाहण्याची माझी सोय नाही. पण त्या संध्याकाळी किसनराव दारात आले आणि बराच वेळ तिथेच थांबले, त्यावरून मला कळलं की मी बरी दिसत असणार.

कोकिळाबाई हळूच म्हणाल्या, "सांगा ना तिले. दसऱ्यानंतर खोली लागन म्हून."

"सांगीन."

"कवा?"

"दसऱ्याले लय टाइम हाये," ते म्हणाले, आणि आत येऊन आदेशसाठी ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी करत बसले.

तो सगळा उन्हाळा आणि पावसाळा मी लेकरांची होते. दुपारी लेकरं माझ्या जमिनीवर उघड्या पोटांनी झोपायची. शेजारची चार पोरं यायची. सपना त्यांना जुन्या साड्यांच्या काठांच्या दोऱ्या वळायला शिकवायची, चिंध्यांचे बैल करायला शिकवायची. मोठी माणसं लेकरांना दिवसभर एकच वाक्य सांगत असतात, हात लावू नको. माझ्यात ते वाक्य कुणी बोलत नव्हतं. तुमच्याही घरात एखादी अशी जागा असेल जिथे तुम्ही नको ते ठेवता. तिला एकदा लेकरांच्या हाती देऊन पाहा. खर्च फार येत नाही, आणि ती जागा तुमचे उपकार विसरत नाही.

दसरा झाला. पहिल्या वेचणीच्या दिवशी कोकिळाबाई वावरात सीतादहीला गेल्या. कापसाच्या पहिल्या बोंडांना दहीभात वाहायचा, मग वेचायला हात लावायचा, ही इकडची रीत. संध्याकाळी त्या पहिलं गाठोडं घेऊन आल्या आणि इतक्या वर्षांच्या सवयीने सरळ माझ्यात शिरल्या. भिंतीलगत गाठोडं सोडलं, कापूस पसरला. लेकरांनी तो पाहिला मात्र. दोघांनी उड्या मारल्या, लोळले, भिंतीशी दाबून त्याचं घरटं केलं.

दुसऱ्या दिवशी मयुरी ओरडली, "आजी, पाह्य, कापूस निळा झाला!"

खरंच झाला होता. भिंतीच्या बाजूचा सगळा कापूस माझ्या रंगाने माखला होता. सपनाने भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते वर करून पाहिलं. बोट निळं.

"बाबा, यात गोंद घालायला हवा होता," ती म्हणाली. "आदेश चाटतो म्हणून मी नुसती माती आणि नीळच..."

किसनरावांनी कापसाचा एक पुंजका बोटांत धरून चोळला. डाग निघाला नाही. "भैय्याजी म्हणन, काय किसनराव, यंदा कोणतं बियाणं लावलं?" ते स्वतःच हसले. भैय्याजी म्हणजे गावातला कापसाचा व्यापारी. "जाऊ दे वं. मूठभर तर हाये. तुही माय वाती वळन, निळा उजेड पडन देवघरात."

"पण बाकीचा कापूस? तो कुठे ठेवता तुम्ही?"

किसनरावांनी लेकरांचे लाल पंजे पाहिले, खाली बसवलेला तिफणीचा दांडा पाहिला, मग वर आढ्याकडे पाहिलं. "ठेवू कुठीबी," ते म्हणाले. "हे लेकराइची खोली हाये आता."

मी त्या माणसाला लग्नाच्या वर्षापासून ओळखते. 'कुठीबी' अशी जागा या घरात नाही. ओसरीत ठेवला तर दव, उंदीर, अवेळी आलेला पाऊस. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हा बोलले असते.

त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. सपना आदेशला बुटक्या खाटेवर थोपटत होती. बाहेर ओसरीत किसनराव फोनवर होते, आणि कापूस नसल्यामुळे मला नि तिला सगळं ऐकू आलं.

"भैय्याजी, वेचलं का गाडी पाठवत जाजा. घरी नाई ठेवत यंदा... आहे त्या भावात देऊन टाकतो. नाई, नाई, तसं काई नाई. जागा नाई, बस."

सपनाचा थोपटणारा हात थांबला. तेवढ्यात कोकिळाबाई वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आत आल्या.

"आई, बाबा असं लगेच विकतात का दरवर्षी?"

"काऊन विकतीन? संक्रांत होऊ देत, भाव पाहत. त्याइचा जीव कापसाइतकाच दबून राहे."

"मग मला कधी दिसलं कसं नाही? मी यायचे तेव्हा तर खोली रिकामीच असायची, मला वाटायचं नावच तेवढं कापसाचं."

कोकिळाबाई घड्या घालत राहिल्या. त्यांनी वर पाहिलं नाही, आणि बरं झालं. "तुले कशी दिसन? दिवाळीले तू तिकडंच मावशीकडं राहे. उन्हाळ्यात येये. तवर कापूस जाये, त्याच्यातच तुही फी, त्याच्यातच तुहं तिकीट. तू यायच्या आदल्या दिवशी तुहे बाबा स्वतः खोली झाडत. म्हणत, सपनाले मोकळी खोली आवडते."

आदेश झोपला होता तरी सपनाचा हात पुन्हा हळूहळू चालू झाला.

मला तिची दया आली नाही. मला तिचा अभिमान वाटला, कारण ती रडली नाही आणि सबबही सांगितली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. ज्या मोकळेपणावर तिने लहानपणी इतका जीव लावला होता, तो कशातून आला होता हे आज तिला कळलं. मला ते आधीपासून ठाऊक होतं. आम्ही दोघी एकाच कापसावर वाढलो.

सकाळी किसनराव ओसरीत चहा घेत बसले होते. सपना कोकिळाबाईंच्या ट्रंकेतल्या जुन्या सुती साड्यांचा गठ्ठा आणि सुई-दोरा घेऊन माझ्या उंबऱ्यावर बसली. मयुरी साड्यांची टोकं धरून उभी होती. मांडणी आणि खाट तिने केव्हाच ओसरीत नेऊन ठेवली होती. माझ्या भिंतींवर आढ्याजवळ खिळ्यांची एक नवी रांग होती.

किसनराव कप हातात घेऊनच आले. "हे काय करून राह्यली?"

"पडदे. चारही भिंतींना, वरपासून खालपर्यंत. कापसाला रंग लागणार नाही."

"अवं, पण मी भैय्याजीले..."

"बाबा, त्यांना फोन करा. गाडी पाठवू नका म्हणा. भाव येईपर्यंत कापूस इथंच राहील. दसऱ्यापासून खोली कापसाची, होळीनंतर लेकरांची."

"अन् तवर पोट्टे कुठं खेळतीन?"

"कापसात," मयुरी म्हणाली.

"खाज येईन वं रातभर."

"येऊ दे," सपना म्हणाली. "मला कधी आलीच नाही ती."

किसनरावांनी भिंतीकडे पाहिलं. "थे पंजे पुसून घे मग. कापडाला लागतीन."

"नाही बाबा," सपना दात लावून दोरा तोडत म्हणाली. "पंजे राहतील. पडद्यामागे."