वर्णनाची कोरी चौकट

"दोन हजार पानं झाली, आणि ही बया अजून त्या एकाच पानावर," सफुरा स्वतःशीच पुटपुटली. स्वतःशी म्हणजे अक्षदाच्या कानापासून वीतभर अंतरावर.

अक्षदानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भिसेगावातल्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या या खोलीतून दोघी कर्जत-खालापूरच्या बातम्यांची वेबसाइट सांभाळायच्या. संध्याकाळी सहाला साइट नव्या सॉफ्टवेअरवर जाणार होती, आणि नवं सॉफ्टवेअर भलतंच शिस्तीचं. ज्या पानाला वर्णन नाही, ते पान ते घेणारच नाही. वर्णन म्हणजे गुगलवर शोधलं की मथळ्याखाली दिसतात त्या दोन ओळी. आठ दिवस दोघी जत्रांच्या, अपघातांच्या, सरपंचांच्या वाढदिवसांच्या ओळी लिहीत होत्या. वाढदिवसांना तर तिसरी ओळही मिळाली असती. जागा नव्हती म्हणून वाचक वाचले.

आता एकच पान उरलं होतं. 'लोधिवलीचा तरुण बेपत्ता.' फोटोत ऋतिक, अक्षदाचा धाकटा भाऊ, दात काढून हसत होता. वर्णनाची चौकट पाच महिने कोरी.

"लिही ना गं," सफुरा आता उघड म्हणाली. "बातमीत आहेच की. चौकला गॅरेजात कामावर गेला, तो परतला नाही. पोलिसातही तेच दिलंय ना तुम्ही?"

"तेच दिलंय."

"मग?"

अक्षदानं ती ओळ लिहिली, पुसली. परत लिहिली, परत पुसली. मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिनं वाचकांच्या शोधांची यादी उघडली. साइटवर येऊन लोक काय काय शोधतात, ते त्यात उतरलेलं असतं. पाण्याचा टँकर. दहावीचा निकाल. उकिरड्या.

उकिरड्या. अकरा वेळा. शेवटचं कालच.

अक्षदा स्क्रीनवर वाकली. अक्षदाच्या पाठची दोन पोरं जगली नव्हती. म्हणून ऋतिक जन्मला तेव्हा आईनं त्याला घडीभर उकिरड्यावर ठेवून उचललं, आणि घरात तेच नाव पडलं. टाकलेल्या पोराला कोण नजर लावणार? हे नाव उंबऱ्याबाहेर गेलं की तो चवताळायचा, म्हणून ते चौघांपलीकडे कुणालाच माहीत नव्हतं. बातमी टाकताना आईच्या हट्टापायी तिनं ते टॅगमध्ये घातलं होतं. टॅग पानावर दिसत नाहीत, पण तो शब्द शोधला की पान समोर येतं. आईकडे बटणांचा फोन. वडिलांना, आप्पांना, इंटरनेट म्हणजे पोरांचं खूळ. तिनं स्वतः तो शब्द कधी शोधला नव्हता.

"सफुरा, तो आहे गं. जिवंत आहे."

"मग फोन का नाही करत?" सफुरा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

अक्षदानं आप्पांना बोलावून घेतलं. चेपलेल्या दरवाजाचा टेंपो खाली थांबला तेव्हा सहाला वीस मिनिटं होती. पाच महिने झाले, रोहिदासआप्पांनी तो दरवाजा काही सरळ करून घेतला नव्हता. जिना चढून ते धापा टाकत दारात उभे राहिले.

"घावला?"

"नाय आप्पा. पण अकरा वेळा हे पान बघून गेलाय."

"मग लिव की, आई लय आजारी हाय, ये म्हणून."

"आई ठणठणीत हाय."

"मग मी आजारी हाय, लिव!"

"आप्पा, खोटं त्यानं अकरा वेळा वाचलंय." अक्षदानं बातमीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "कामावर गेला म्हणं! त्या सकाळी तो कामावर गेला नव्हता. हे पान गेलं, तर त्याला आपल्याकडे बघायला एवढी फटपण राहायची नाय."

आप्पांनी खिडकीतून खाली टेंपोकडे पाहिलं. त्या सकाळबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे. आई भाकऱ्या थापत राही, अक्षदा जेवून उठे, आप्पा टेंपो पुसत बसत, दरवाजा सोडून. सफुरानं उगाच कागद नीट केले. सहाला आठ मिनिटं.

"त्या चौकटीत किती मावतं?" आप्पांनी विचारलं.

"दोन ओळी."

"रगड झाल्या."

ते पुढे आले, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि लेकीकडे नाही, फोटोतल्या पोराकडे बघत म्हणाले,

"लिव. उकिरड्या, तू गेला नाय रं. एका टेंपोच्या दरवाजापायी मीच तुला मारून घराभायेर काढला."