इंद्रायणी फायटर्सचा ग्लोव्ह

मित्रांनो, मला पाहून तुम्ही आधी हसाल. हा थंडीत घालायचा हातमोजा नाही, क्रिकेटच्या यष्टिरक्षकाचाही नाही, मग हे फुगलेले तपकिरी कातडे आहे तरी काय, असे विचाराल. मी बेसबॉलच्या कॅचरचा जुना ग्लोव्ह आहे. या खेळात पिचर समोरून जोरात चेंडू फेकते. बॅट घेतलेल्या खेळाडूच्या मागे कॅचर उकिडवी बसते आणि सुटलेला चेंडू माझ्यात झेलते. दिवसभर मार खाणे हेच माझे काम. पण तो मार मला आवडत असे.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने मला चामड्याच्या वादीने शिवले, मुठीने ठोकून माझ्या पोटात खळगा पाडला आणि खोक्यात घातले. खोके उघडले तेव्हा मी मावळात, आंबीला होतो.

आंबीला पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना होता. त्याचे मालक अंबाजीशेठ हौशी माणूस. मुलींची बेसबॉल लीग निघते आहे, चार गावांचे चार संघ असणार, असे कळताच त्यांनी एक संघ घेतला. त्याला 'इंद्रायणी फायटर्स' असे झोकदार नाव दिले आणि कारखान्यामागचे रान सपाट करून मैदान केले. शाळेत खेळ शिकवणारे कैलास सर प्रशिक्षक झाले. वराळे, आंबी, पवनानगर इथून मुली जमल्या. त्यातल्या निम्म्या जणींनी बेसबॉल हा शब्दच पहिल्यांदा ऐकला होता.

मी वराळ्याच्या रेणुकाच्या वाट्याला आलो. पहिल्या दिवशी ती मला घरी घेऊन गेली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खुंटीवर तिने मला अडकवले. तिची आई नंदाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"अगं बया, ह्यो मोजा हाय का भाकरी?"

"आई, हसू नगंस. समदा खेळ ह्याच्यावर हाय."

"मग जप बाई त्याला," असे म्हणून नंदाबाईने मला बोट लावून पाहिले. पीठ लागले म्हणून तिनेच ते पदराने पुसले.

आमची पिचर होती पवनानगरची पायल. तिचे वडील कामशेतपर्यंत प्रवासी नेणारी वडापची जीप चालवत आणि आई मासळी विकत असे. धरणाच्या काठावर पाण्यात दगड भिरकावतच ती वाढली होती. तिचा पहिला चेंडू माझ्यात आला तेव्हा माझ्या शिवणी करकरल्या. रेणुका मागे कलंडली, मातीत बसली आणि पोट धरून हसली. त्या दिवसापासून त्या दोघींची गट्टी जमली. रेणुका बोटांनी खूण करी, पायल मान हलवी आणि चेंडू खूण केलेल्या जागी येई. एवढ्या लांबून दोघी न बोलता बोलत असत, मित्रांनो, आणि ते बोलणे माझ्यावर येऊन पोहोचत असे.

पहिला हंगाम स्वप्नासारखा गेला. आम्ही अंतिम सामना हरलो, तरी तळेगाव फाट्यावर मुलींच्या फोटोंचा फ्लेक्स लागला. पवनानगरचे जीपवाले पायल दिसली की हॉर्न वाजवत.

दुसऱ्या हंगामात वारे फिरले. नवे कपडे आले नाहीत. बसच्या जागी कारखान्याचा टेम्पो आला. चारांपैकी एका संघाने मध्येच अंग काढून घेतले. एके दिवशी शेठ मैदानावर आले. एरवी ते मुलींची थट्टा करत, त्या दिवशी बूट मातीत घासत उभे राहिले.

"पोरींनो, फायनलला गेलात तर फुडच्या वर्षाचं बघू. न्हाई तर मला बी कारखाना चालवायचाय."

 पायलने चेंडू उचलला आणि त्या दिवशी सगळ्या घरी गेल्या तरी ती भिंतीवर चेंडू फेकत राहिली.

पुढे काय बिघडते आहे ते सर्वांत आधी मला कळले. पायलचा चेंडू हलका येऊ लागला. आधी तो माझ्या पोटात रुतायचा, आता नुसता टेकायचा. कधी तो खूण केलेली जागा सोडून खाली पडे. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण माझ्या आत रेणुकाचा तळहात होता आणि त्यालाही तेच कळत होते. एका सामन्याहून परतताना टेम्पोत तिने पायलला विचारले, "खांदा दुखतोय न्हवं?"

"हळू बोल. त्या कुशीवर झोपता येत न्हाई. आईचा मासळीचा बर्फ फडक्यात बांधून लावते."

"सरांना सांग की."

"आन् मग? सारिकाला टाकायला लावतील. ती मन लावून खेळती, पण तिचा चेंडू कुणीबी मारतंय. आपण हारलो की संपलं समदं. रेणुके, तू सांगितलंस तर माझं तोंड बघू नगंस."

 रेणुकाने मला छातीशी घट्ट धरले आणि टेम्पोतून उतरल्यावर ती सरांसमोरून सरळ घरी गेली.

शेवटचा साखळी सामना लोणावळ्याला होता. जिंकलो तर अंतिम फेरी, नाही तर घर. सकाळचे धुके विरल्यावर खेळ सुरू झाला. पायलने दात आवळून टाकले आणि आम्ही एका धावेने पुढे गेलो. मांडवात बसलेले अंबाजीशेठ उठून टाळ्या वाजवू लागले. मग एक चेंडू माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही. तो वाटेतच मातीत आपटला. पायलने पाठ फिरवली आणि स्वतःच्या ग्लोव्हमध्ये तोंड लपवले.

रेणुकाने पंचांकडे वेळ मागितला आणि ती धावत गेली.

"हात वर कर."

"जा माघारी."

"पायल, हात वर कर म्हणते ना."

हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. पायलच्या डोळ्यांत पाणी तरारले. एवढ्यात कैलास सर पोहोचले.

"काय झालं?"

"काय न्हाई सर."

"सर, तिचा हात वर जात न्हाई," रेणुका म्हणाली. "लय दिवस झाले. मीच बोलले न्हाई."

सरांनी पायलकडे पाहिले, मग मांडवाकडे पाहिले. सर वाईट नव्हते, मित्रांनो. पण त्यांनाही तो संघ हवा होता. "पायल, थोडंच राहिलंय. जमेल?"

"जमंल."

"मग चला. रेणुका, जागेवर जा."

रेणुका जागेवर आली, पण बसली नाही. तिने मला हातातून काढले आणि समोर जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीवर, होम प्लेटवर ठेवले.

"ती टाकणार असंल तर मी झेलणार न्हाई."

 सर लालबुंद होऊन आले. "काय करतेयस कळतंय का तुला? संघ बंद पडेल!"

"कळतंय, सर."

आमच्याकडे दुसरी कॅचर नव्हती. शेवटी सरांनी सारिकाला बोलावले. पायल रेणुकाच्या शेजारून गेली तेव्हा एवढेच म्हणाली, "माझ्याशी बोलू नगंस."

रेणुकाने मला उचलले. तिच्या हाताला घाम सुटून मी आतून ओला झालो. सारिकाने जीव तोडून चेंडू टाकले, एकही रेणुकाने सोडला नाही, तरी आम्ही हरलो.

शेठ शब्दाला जागले. मैदानावर आता गोदाम उभे आहे. लीगही पुन्हा भरली नाही. आम्ही जिंकलो असतो तर संघ वाचला असता का, हे मला सांगता येत नाही. मुली मात्र म्हणत, रेणुकाने संघ बुडवला. डॉक्टरांनी पायलच्या खांद्याचा स्नायू फाटल्याचे सांगितले. हात बरा झाला, पण त्यातला पूर्वीचा जोर गेला. या दोघी एकमेकींना बाजारात दिसल्या की रस्ता बदलू लागल्या.

रेणुका एका कंपनीत कामाला लागली. मी माळ्यावर गेलो. पावसाळ्यात मला बुरशी धरली, उंदरांनी माझी वादी कुरतडली. तिने मला टाकले नाही, पण हातातही घेतले नाही. मला तिचा राग आला नाही. माझ्याकडे पाहिले की तिला काय आठवत असेल ते मला ठाऊक होते.

अशी काही वर्षे गेली आणि मागच्या आठवड्यात दारात पायल उभी राहिली. नंदाबाईने चहा टाकला. 

"मी अजून रागात हाय," पायल म्हणाली.

"ठावं हाय मला."

"सरांना सांगायच्या आधी मला इचारायचं होतंस."

"इचारलं असतं तर जमंल म्हणून खोटं बोलली असतीस."

पायलने मान हलवली. "व्हय. बोलले असते." मग ती म्हणाली, "पवनानगरला बारक्या पोरींना बेसबॉल शिकवते आता. परवा एकीचं मनगाट सुजलं होतं. दुखतंय का म्हणलं, तर न्हाई म्हणाली. तिला बाजूला बसवलं. घरी आले आन् तुझी लय आठवण आली." तिने कप खाली ठेवला. "मंगळवारी ये. कॅचर शिकवाया कुणी न्हाई माझ्याकडं."

ती गेल्यावर रेणुकाने मला माळ्यावरून काढले. बुरशी पुसून खोबरेल चोळले आणि बुटाच्या नाडीने माझी उसवलेली कड बांधली.

मित्रांनो, खेळून आलात की आम्हांला कोरडे करा, तेल लावा, कोपऱ्यात कुजू देऊ नका. आम्ही एवढेच मागतो. पण तुमच्या संघातली एखादी दुखरा हात पाठीमागे लपवत असेल, तर तिचे 'काही नाही' खरे मानू नका. ती रागावेल. कदाचित खूप दिवस रागावेल.

उद्या मंगळवार आहे. रेणुकाने कामावर रजा टाकली आहे.