किंचाळ्यांची कॅसेट

मित्रांनो, माझ्या अंगावरची चंदेरी अक्षरे पुसली गेली आहेत, माझे झाकण रबराने बांधलेले आहे आणि सहा बटणांपैकी एक दाबले की दुसरेच खाली जाते. एवढ्यावरून ओळखले असेल तर उत्तम, नाहीतर सांगतो. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्या वरच्या भागात रेडिओ आहे, खाली कॅसेटचा कप्पा आहे आणि जाळीच्या कोपऱ्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढा माइक आहे. त्या दाण्यामुळेच ही हकिकत माझ्याकडे आली.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे बाकांवर बायका ओळीने बसून तारा जोडत. माझ्या वाट्याला आलेल्या बाईला सर्दी झाली होती, ती दर दोन तारांमागे शिंकायची. शेवटी एक तपासनीस माझ्यापुढे "एक, दोन, तीन" म्हणाला. मी ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवले. त्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि मला खोक्यात घातले.

मला एका घड्याळजींनी घेतले. पुढच्या खोलीत त्यांचे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि जिना चढून गेले की वर एक खोली, एवढेच घर. त्यांची पत्नी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. त्यांना एकच मुलगी होती. ती एका जागी टिकत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरी घड्याळजींना बाबा म्हणायची, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणतो.

पहिली काही वर्षे मी दुकानातल्या फळीवर होतो. दर रविवारी दुपारी फुटबॉलच्या सामन्याचे वर्णन लागायचे. समोरचा न्हावी, कोपऱ्यावरचा छापखानेवाला आणि आणखी चार-पाच जण जमायचे. गोल झाला की सगळे एकदम ओरडायचे, टेबलावर मुठी आपटायचे. एकदा आनंदाच्या भरात न्हाव्याने छापखानेवाल्याचा चष्मा फोडला. आवडता संघ हरला की बाबा जेवायला उठत नसत. भिंगरीची आई शेजारणीला कौतुकाने सांगे, "यांना खेळाची फार आवड आहे हो." शेजारीणही मान डोलावून म्हणे, "पुरुषमाणसाला काहीतरी विरंगुळा हवाच."

भिंगरी चौदा वर्षांची झाली आणि तिने मला शनिवारपुरते वर न्यायला सुरुवात केली. त्या सुमारास चार तरुण गायकांचा एक संच फार गाजत होता. मुली त्यांना 'चौकडी' म्हणत. बाबा 'चांडाळचौकडी' म्हणत.

शनिवारी दुपारी वरच्या खोलीत अकरा मुली जमायच्या. खोलीत एकच खुर्ची होती, ती माझ्यासाठी. एकच ओळ त्या मला दहा दहा वेळा म्हणायला लावत. शब्द नीट कळला नाही की कॅसेटची पट्टी मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. त्यांच्यात पोस्टमनची मुलगी होती, सगळ्यांपेक्षा हातभर उंच, म्हणून लंबू. तिच्याकडे एक वही होती. कोणत्या गाण्यात कोण कुठे श्वास घेतो, टाळ्या किती, थांबा कुठे, सगळे तिने खुणा करून लिहिले होते. चौकडीच्या एका गाण्यात चार टाळ्या वाजवून एकदम गप्प व्हायचे असे. टीव्हीवर पाहून त्या टाळ्या शहरातल्या सगळ्याच मुलींना पाठ झाल्या होत्या. ज्यांची एकमेकींशी कधी गाठ पडली नव्हती, त्याही तेवढ्याच टाळ्या वाजवून तिथेच थांबत.

खाली दुकानात काय बोलले जाई तेही मला ऐकू येत असे. न्हावी म्हणायचा, "पोरगी हातची गेली बरं का." आई म्हणायची, "एवढा जीव गणितात लावला असता तर!" एकदा शाळेतल्या बाई घड्याळ दुरुस्तीला घेऊन आल्या. वरचा आवाज ऐकून त्या हसल्या.

"या वयातल्या मुली म्हणजे उतू जाणारं दूध," त्या म्हणाल्या. "आच कमी केली की बसेल खाली."

बाबांनी डोळ्यावरचे भिंग न काढताच मान हलवली.

पुढच्या वर्षी चौकडी आमच्या शहरात येणार असे ठरले. कार्यक्रम दुपारी चारचा होता आणि मुली सकाळी नऊपासून रांगेत होत्या. भिंगरीने मला कापडी पिशवीत घातले, वरून स्वेटर टाकला आणि पिशवी छातीशी धरली. पोटात सहा नवे सेल आणि कोरी कॅसेट होती. पहिला सूरसुद्धा सुटू नये म्हणून आत शिरतानाच तिने माझे लाल बटण दाबले.

रस्त्यावरच्या फाटकापासून सभागृहाच्या दारापर्यंत एक लांब, अरुंद बोळ होता. फाटक उघडले आणि मुली बोळात आल्या. पण आतले दार बंदच होते. बाहेर मात्र "चला, आत चला" असे सांगणे सुरूच राहिले. पहिली काही मिनिटे माझ्या पट्टीवर हसणे आहे, बिस्किटाच्या पुड्याची कुरकुर आहे. मग "ढकलू नका गं" असे ऐकू येते. मग पुन्हा तेच, जरा वरच्या आवाजात.

भिंगरी दाराला चिकटली. पिशवी तिच्या आणि दाराच्या मध्ये अडकली आणि माझा माइक नेमका फटीसमोर आला. त्यामुळे मला दोन्हीकडचे ऐकू येत होते.

"काका, दार उघडा!" भिंगरी ओरडली. "काका, जागा नाहीये! काका!"

दारापलीकडे दोन राखणदार होते. एक म्हणाला, "काय पोरी आहेत! अजून पडदा वर गेला नाही आणि गळे बघा यांचे."

दुसरा म्हणाला, "पाहुणे बसले की उघडा असं साहेब सांगून गेलेत. ओरडू दे."

भिंतीला आग विझवायच्या बादल्या ठेवायची लाकडी फळी होती. लंबू त्या फळीवर चढली. तिने हात वर करून चार टाळ्या वाजवल्या आणि थांबली. "थांबलं की मागे!" ती ओरडली. "एक पाऊल मागे!" पहिल्यांदा जवळच्या चार-पाच जणींनीच टाळ्या धरल्या. दुसऱ्यांदा निम्म्या बोळाने धरल्या. पुढे काय चालले आहे हे शेवटच्या मुलींना दिसत नव्हते, पण टाळ्या ओळखीच्या होत्या. चार टाळ्या, थांबा, एक पाऊल मागे. पुन्हा चार टाळ्या, थांबा, एक पाऊल मागे. माझ्यावरचा दाब कमी होत गेला. रडणे होते, ओरडणेही होते, पण पावले एकदम पडत होती.

बोळ बराच मोकळा झाला तेव्हा फळी निखळली. लंबू खाली पडली आणि तिच्यावर बादल्या आणि दोघी-तिघी. त्यानंतर कडी काढल्याचा आवाज आला. थोड्याच वेळात माझी एक बाजू संपली आणि बटण आपोआप वर आले.

एकोणीस मुलींना मुका मार लागला. लंबूच्या तीन बरगड्या मोडल्या आणि एक फुप्फुसाला लागली. ती महिनाभर इस्पितळात होती.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. फळीवर उभी, हात वर, तोंड उघडे. फाटकापाशी उभ्या असलेल्या कोणीतरी तो लांबून टिपला होता. खाली छापले होते, 'बेभान!' सभागृहाच्या व्यवस्थापकांनी सांगितले की मुलींना आवरणे अशक्य झाले, आणि एक उंच मुलगी वर चढून बाकीच्यांना चिथावत होती. न्हाव्याने ती बातमी आपल्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवली. शाळेच्या समितीने लंबूचे नाव कमी करायचे ठरवले. तिला पुढे परिचारिका व्हायचे होते आणि त्या शिक्षणासाठी शाळेचे शिफारसपत्र लागणार होते. नावच उरले नाही तर पत्र कुठले?

बाबांनी मला वरून उचलून आणले.

"यापुढे हे वर जाणार नाही," ते म्हणाले.

"बाबा, दार बंद होतं."

"तुम्ही ओरडत होतात की नाही?"

"होतो."

"मग झालं तर."

भिंगरी जिना चढून गेली. तिच्या पावलांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ती एकेक पायरी चढली.

आठवडाभराने रविवारी अंतिम सामना होता. छापखानेवाला आजारी होता आणि त्याच्यासाठी वर्णन भरून ठेवायचे ठरले. कोरी कॅसेट घरात नव्हती. जी होती ती माझ्या पोटातच होती. बाबांनी पट्टी सुरुवातीला आणली आणि लाल बटणावर बोट ठेवले. पण त्यांना जन्माची सवय होती. कुठलेही घड्याळ कानाला लावल्याशिवाय ते उघडत नसत. म्हणून आधी त्यांनी मला वाजवून पाहिले. सुरुवातीचे हसणे संपले आणि ओरडा सुरू झाला.

"बंद करा हो," न्हावी कानावर हात ठेवून म्हणाला. "कानठळ्या बसल्या. पुसा लवकर, सामना सुरू होईल."

बाबांनी हात पुढे केला, आणि थांबले. पट्टी थोडी मागे घेतली. पुन्हा ऐकली. पुन्हा मागे घेतली. त्या गदारोळात त्यांना एक शब्द सापडला होता. काका.

"भिंगरे, खाली ये," त्यांनी हाक मारली. ती आल्यावर त्यांनी विचारले, "हे काका, काका कोण म्हणतंय?"

"मी."

न्हावी दोन मिनिटे थांबला आणि सामना ऐकायला दुसरीकडे गेला. बाबांनी दुकानाचे दार लोटले, दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि ऐकू येईल ते लिहायला लागले. काही आवाज भिंगरीने ओळखून सांगितले. राखणदारांचे बोलणे त्यांनी नऊ वेळा ऐकले. संध्याकाळी आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला, तो तसाच निवला.

बुधवारी मला शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत नेले. टेबलाभोवती समितीचे पाच जण होते. दुधाचा दाखला देणाऱ्या बाईही होत्या. लंबूचे वडील पोस्टमनच्या गणवेशातच आले होते आणि दाराशी उभे होते. त्यांना कोणी बसा म्हटले नव्हते.

ओरडा सुरू होतो तिथे पट्टी आणून बाबांनी बटण दाबले. अर्ध्या मिनिटात समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, या नुसत्या किंचाळ्या आहेत. हेच तर आम्ही म्हणतोय."

"मलाही पहिल्यांदा एवढंच ऐकू आलं," बाबा म्हणाले. "अजून दोनदा ऐका. माझी मुलगी घरात बोलली, तेव्हा मीही ऐकलं नव्हतं."

दुसऱ्या वेळी बाबांनी चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि पट्टी जाईल तसे एकेका ओळीखाली बोट फिरवत गेले. तिसऱ्या वेळी 'ओरडू दे' हे शब्द आले तेव्हा मुख्याध्यापिकांनी स्वतःच बटण दाबून मला थांबवले. त्यांनी पोस्टमनना खुर्ची दिली. बाई खाली बघत होत्या. मग त्यांनीच विचारले, "त्या टाळ्या कसल्या?" बाबांना ते नीट सांगता येईना. भिंगरीला बाहेरून बोलावले. तिने टेबलापुढे चार टाळ्या वाजवल्या, ती थांबली, आणि एक पाऊल मागे सरकली.

लंबूचे नाव कमी झाले नाही. वर्तमानपत्राने आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला, फोटो छापला नाही. सभागृहाच्या दाराला आतून-बाहेरून उघडणारी नवी कडी बसली. कॅसेट चौकशीसाठी गेली ती परत आली नाही. न्हावी पुढच्या रविवारी येऊन नेहमीच्या जागी बसला आणि त्या विषयावर कधीच काही बोलला नाही. चौकडीची गाणी बाबांना त्यानंतरही आवडली नाहीत. पण शनिवारी सकाळी ते स्वतः मला जिन्याच्या पहिल्या पायरीवर आणून ठेवत.

इस्पितळातून सुटल्यावर लंबू दुकानात आली. जोरात बोलले की तिची कूस दुखायची, म्हणून ती हळू बोलत होती. तिला ती कॅसेट ऐकायची होती. कॅसेट नाही म्हटल्यावर बाबांनी खणातून चिठ्ठ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. तिने सगळ्या वाचल्या.

"सगळे म्हणतात मी भान हरपून किंचाळत होते," ती म्हणाली. "मला तर काही आठवतच नाही. खरं असेल का हो, काका?"

"सत्तावीस वेळा 'मागे' म्हणालीस," बाबा म्हणाले. "मी मोजलंय. एकदाही टाळी चुकली नाही."

लंबूने त्यातली एक चिठ्ठी मागून घेतली आणि नीट घडी करून वहीत ठेवली.

पुढची माझी कथा तुम्हाला ठाऊक असल्यासारखीच आहे. कॅसेटी गेल्या, नवी यंत्रे आली. मी काही वर्षे फळीवर, काही वर्षे खाटेखाली काढली. आतला रबरी पट्टा ढिला पडला, विसरलेले सेल पाझरून माझा एक कप्पा गंजला. भिंगरी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि लंबू परिचारिका झाली. बाबांचे डोळे अधू झाले तसे दुकान बंद झाले. आता मी एका शाळेत जुन्या वस्तूंच्या टेबलावर आहे. माझ्यापुढे एक पुठ्ठ्याची पाटी आहे आणि मधल्या सुट्टीत तुम्ही माझी बटणे दाबून बघता.

दाबा, पण हळू दाबा. यंत्र वापरायचे नसेल तेव्हा सेल काढून ठेवत जा, धूळ मऊ कापडाने पुसत जा. आणि मित्रांनो, चार मुली कुठे एकदम ओरडताना ऐकल्या, तर त्यांना नाव ठेवण्याआधी जवळ जा आणि त्या काय म्हणताहेत ते विचारा. नुसत्या आनंदाने ओरडत असतील तर ओरडू द्या. दार उघडा म्हणत असतील, तर धावा.