उजवीकडची जागा

कीबोर्डच्या स्पेसच्या पट्टीवर अंगठ्याने झिजून उरलेला तो गुळगुळीत डाग... तिची नजर तिथेच खिळली होती, कारण पडद्यावर पाहवत नव्हतं. सर्व्हरच्या नोंदींत, वाचनालयाच्या साइटवरचं एकच पान सकाळपासून अकरा वेळा साठवलेलं दिसत होतं. दर वेळी येताना मोठं आणि तिच्या प्रोग्रामने सफाई केल्यावर पुन्हा होतं तेवढंच. पान बाबांचं होतं.

आई गेल्यावर त्यांनी ते लिहिलं होतं — दोघांचं रोजचं बोलणं, एका बोटाने टाइप केलेलं. स्वतःची वाक्यं डावीकडे, आईची उजवीकडे. उजवीकडे न्यायचं बटण सापडलं नाही, म्हणून आईच्या प्रत्येक वाक्याआधी स्पेस दाबत, चाळीस-चाळीस वेळा... आणि लेकीचा प्रोग्राम नेमकं तेच कचरा म्हणून वेचून टाकत होता: लोकांनी साइटवर टाइप केलेल्या पानांमागच्या एचटीएमएलमधले रिकामे टॅग, एकात एक अडकलेले फॉन्ट, ओळीने लागलेल्या रिकाम्या जागा. दीड महिन्यापूर्वी तिने चार हजार जुनी पानंही एका झटक्यात धुऊन काढली होती, त्यांत हेही.

"मूळ प्रत बाजूला ठेवायची ना?" शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्याने विचारलं होतं.

"कचरा कशाला सांभाळायचा?" — किती ऐटीत म्हणाली होती ती!

"बरं बाई, केरसुणी तुझ्या हातात."

महिन्यापेक्षा जुने बॅकअप आपोआप पुसले जावेत, हा नियमही तिचाच. बाबांनी लावलेलं मूळ पान आता कुठेच उरलं नव्हतं.

तिने फोन लावला.

"बाबा, काय चाललंय?"

"काही नाही गं. ते पान जरा... मी नीट लावतो आणि साठवलं की सगळं डावीकडे गोळा होतं. माझंच बोट चुकत असणार. म्हातारं झालं ते."

"मी बघते."

"नको, तू कामात असशील. करतो मी, मला कुठे जायचंय?"

चूक माझी आहे, बाबा — वाक्य जिभेच्या टोकावर होतं. आणि तिने फोन ठेवला.

त्या पानापुरती सफाई बंद करायला दोन मिनिटं लागली. आता रिकाम्या जागा तेवढ्या परत घालायच्या, त्यांनी पुन्हा पान उघडायच्या आत, म्हणजे सांगायची वेळच येणार नाही... वीस वर्षं ती त्याच बोलण्याच्या मधोमध बसून अभ्यास करत होती. कोणतं वाक्य कोणाचं, हे तिला नाही कळणार तर कोणाला?

तिने पान उघडलं. चहा ठेवू? ठेव. खिडकी लाव. असू दे, वारा येतोय. आज उशीर होईल. होऊ दे.

खिडकी लाव — हे आईचं. तिला थंडी वाजायची... की बाबांना? खुर्चीच्या पाठीवरची ती शाल कोणाची होती? 'होऊ दे' आधी बाबांच्या आवाजात ऐकू आलं, मग आईच्या, मग कोणाच्याच नाही. ती पुस्तकात डोकं खुपसून बसायची आणि ते सगळं एकच बोलणं असायचं, घराचं, कायम चालू असलेलं. त्यात दोन माणसं आहेत हे तिने कधी ऐकलंच नव्हतं... विचारायचं तर बाबांनाच विचारावं लागणार होतं.

कर्सर 'होऊ दे'च्या आधी लुकलुकत होता. पट्टीवर टेकलेला अंगठा तिने दाबला नाही, उचललाही नाही.